कुंडातल्या पोथ्या

माघ शुद्ध पंचमी, फार जुनी. सकाळी धुके, वारा पडलेला. डोंगराखालच्या गरम पाण्याच्या कुंडात जिवाणूंची वस्ती होती. झऱ्याच्या तोंडाशी ऊब होती, काठाला गारठा. उबेची जागा एकाच कुळाची, आणि जो गंधक खातो तो त्या कुळाचा, असे सगळे मानत.

त्या दिवशी उबेत बसलेला दंडू नावाचा जिवाणू गंधक सोडून लोखंडाचा गंज खाताना सापडला.

“ऊठ! गंजखाऊ आमच्यात कसा?” जागा वाटणारी गोलाआजी कडाडली.

“काठावर मी गारठून मरेन, आजी. माझी पोथी तरी बघा.”

प्रत्येक जिवाणूच्या पोटात जगण्याच्या कृतींची पोथी असते. आजीने कुरकुरत आपली पोथी दंडूच्या पोथीशेजारी उघडली आणि पानाला पान लावून पाहिले. दोन हजारांपैकी एकोणीसशे बारा पाने जुळली. दंडूचे गंधकाचे पान गळाले होते, गंजाचे जास्तीचे होते.

“अगंबाई, हा तर घरचाच!”

मग तिने शेजारी गंधक खात बसलेल्या पिवळीची पोथी पाहिली. सहाशे चारच पाने जुळली; कूळ वेगळेच निघाले.

“आता मला उठवता वाटतं?” पिवळी घाबरली.

“बस गं. इतकी वर्षं शेजारी बसलीस, ती काय पोथी बघून?”

दुपारी दंडू झऱ्यापासून तिसऱ्या जागी बसला, पिवळी चौथ्या.