फाटकाबाहेरचा माणूस

“मग म्हाळूच्याच हातून गुण का येतो, महाराज?”

विश्वंभरने विचारलं आणि प्रयोगशाळेचा कागद केवलगिरी महाराजांसमोर ठेवला.

महाराज पूर्वी गुप्तरोगांचे डॉक्टर होते. आता मठाच्या ओसरीवर दवाखाना चालवत. मंगळवारी ते स्वतः तपासत आणि औषध म्हाळू देई. शुक्रवारी तपासणं, औषध देणं, सगळं विश्वंभरकडे. तो शहरातून डॉक्टर होऊन आला होता. म्हाळू सातवी शिकलेला. तरी कपाटाची किल्ली म्हाळूच्या कमरेला. ती खुळखुळली की विश्वंभरचा जळफळाट होई.

“काय लिहिलंय?”

“माझ्या शुक्रवारच्या इंदुमतीचा आहे. क्लॅमिडिया. तोच गुप्तरोग तिसऱ्यांदा उलटलाय. मला वाटलं, जंतू औषधाला दाद देईनासा झाला. म्हणून नमुना शहरात पाठवला. हा जंतू नुसत्या बशीत वाढत नाही, जिवंत पेशींच्या पोटात वाढवावा लागतो. त्यांनी वाढवला, औषध घालून पाहिलं…”

“मग?”

“थोड्याशा औषधानेही मेला.”

“तिने गोळ्या चुकवल्या?”

“एकही नाही. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. रिकामी पाकिटं आणून दाखवली.” विश्वंभर पुढे म्हणाला, “लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सासू दुसरी सून आणायचं बोलते. शुक्रवारी माझ्यासमोर रडली. म्हणाली, डॉक्टर, मला मंगळवारी येऊ द्या.”

“म्हाळूला वेगळं औषध देता का तुम्ही?”

“डबा एकच आहे, बाळा.”

…

“तिच्यासोबत कोण येतं?” महाराजांनी विचारलं.

“नवरा. फाटकाबाहेर चिंचेखाली बसतो. बायकांच्या दुखण्याला पुरुष आत येत नाहीत इथे.”

“आणि मंगळवारी कोण बसतं चिंचेखाली?”

विश्वंभर आठवू लागला. मंगळवारी तिथे कोणीच नसे. म्हाळू चहाचे दोन पेले घेऊन फाटकाकडे जाई. “या हो पाहुणे, बाहेर काय वाळत बसलात?” असं ओरडे आणि हसवत हसवत नवऱ्याला आत आणी. विश्वंभर म्हाळूला तोंडावर चहावाला म्हणे.

महाराजांनी गोळ्यांची दोन पाकिटं उचलली. शेजारी शेजारी ठेवली.

विश्वंभरचा चेहरा उतरला.

“ती बरी होत होती…” तो पुटपुटला. “घरी गेली की नवऱ्याकडून तोच रोग पुन्हा घेत होती.”

“दोघांचं औषध पुरं होऊन बरं वाटेपर्यंत एकमेकांजवळ जाऊ नका, हेही सांग.”

“उद्याच दोघांना बोलावतो.”

तो उठला. दारापाशी थांबला.

“महाराज… ती किल्ली. अजून जळतं आत. चातुर्मासातही तुमच्यापाशी हेच बोललो होतो. तुम्ही जप दिलात. आठ दिवस बरं वाटलं. मग म्हाळू म्हणाला, डॉक्टर, हे कागद वाचायला मलाही शिकवा की. मी म्हटलं, तू चहाचं बघ. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. आणि माझंही पुन्हा सुरू झालं… दुसरा काही जप आहे का?”

बाहेर फाटकाशी म्हाळूची किल्ली खुळखुळली.

महाराज फाटकाकडे पाहत होते.

“तेव्हाही तू एकटाच आला होतास.”