पंधरा दिवस उभी असलेली गाडी

“आजी, तुम्ही पिठाची गिरणी चालवलीत, मोटारसायकल नव्हे! उगाच मध्ये बोलू नका,” जगदाळेशेठ गरजले. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांचा शब्द खाली पडत नसे. “पंधरा दिवस हिला कुणी हात लावलेला नाही. तरी बघा, एका बटणात सुरू होते!”

नात कृत्तिका भुललीच होती. गिरजाआजीला मात्र खात्री पटेना. पोरगी याच गाडीवर एकटी हिमालयात निघणार होती. तिथं गोठलेल्या पहाटे, ओसाड घाटात गाडी रुसली तर ती हाक कुणाला मारणार? गिरणीचं जुनं इंजिन आजीनं तीस वर्षं सांभाळलं होतं. गार असलं की हटून बसायचं, एकदा तापलं की गुणी बाळ.

“आज कुणी सुरू केली नव्हती ना, शेठ?”

“आईशप्पथ नाही!”

शेठ किल्ली फिरवणार, तोच आजीनं इंजिनावर तळवा टेकवला आणि चटका बसताच मागे घेतला. मग तिथलंच स्टूल ओढून ती ऐसपैस बसली.

“पंधरा दिवस निजलेल्या माणसाचं अंग असं तापलं तर आधी वैद्य बोलावतात, शेठ, हिचा ताप उतरेपर्यंत आम्ही इथंच बसतो, मग दाबा तुमचं बटण!”