हात न लावता पाय जोडणारी भिवरा

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या वेळची ही गोष्ट. निंबगव्हाणात भिवरा नावाची हाडवैद्य होती. माणसाचा असो की मेंढीचा, मोडका पाय तिनं नुसता चाचपला की हाड आपणहून जागेवर जायचं, असं म्हणतात.

गावाशेजारी जहागीरदाराचं कुरण होतं. दगडी गडगा घालून त्यात तीनशे हरणं पाळलेली. त्या जहागीरदाराचं नाव आज कुणाला आठवत नाही, ते बरंच झालं. हरणाचा पाय मोडला की नोकर जाळं टाकून त्याला धरत, कामट्या बांधत, एकटं कोंडत. संध्याकाळपर्यंत ते मरे. म्हणून कारभाऱ्यानं नियमच केला, पाय मोडला की हरीण थेट मुदपाकखान्यात. चूक धरणाऱ्यांची आणि सुरी हरणाच्या मानेवर!

एके सकाळी एक तरणी हरणी घळीत घसरली. मागचा पाय लोंबू लागला. भिवरा पदर खोचून गडग्यावर चढली.

"जाळं टाकू का, आत्या?" नोकरानं विचारलं.

"टाक. पण आधी स्वतःवर!"

तिनं कुरणाचा सपाट तुकडा काट्यांनी अडवून घेतला. हरणीला हळूहळू तिकडे वळू दिलं, सोबत पाच म्हाताऱ्या हरण्या सोडल्या, चारा-पाणी जवळ ठेवलं.

"आता तू काय करणार?" कारभारी म्हणाला.

"बसणार."

"बसायला वैद्य कशाला लागतो गं?"

"मग तुम्हांला कोण अडवणार, कारभारी? हरीण पायानं मरत न्हाई, तुमच्या धाकानं मरतं."

कारभाऱ्यानं चाळीस दिवस दिले. तेवढ्या दिवसांत हरणी चारी पायांवर उभी राहिली नाही, तर पाहुण्यांच्या ताटात.

भिवरा गडग्यावर बसली. इतकी निश्चल, की बुलबुलानं तिच्या अंबाड्यात घरटं केलं, असं म्हणतात. विसाव्या दिवशीही पाय तिरकाच. एकदा ओढला तर सरळ होईल, असं वाटून तिची बोटं शिवशिवली. खाली उडी मारायला ती अर्धी उठलीसुद्धा. हरणीनं दचकून मान वर केली, तिचं काळीज धडधडताना भिवराला लांबून दिसलं. भिवरानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबले आणि परत बसली.

चाळिसाव्या दिवशी कारभारी आचाऱ्याला घेऊन आला. हरणी धावत सुटली आणि कारभाऱ्याच्या पगडीवरून पल्याड! पगडी, म्हणतात, अजून सापडलेली नाही.

"पाय वाकडाच आहे की!" कारभारी ओरडला.

"पळताना दिसला का तुम्हांला?"

आचारीच आधी हसला. सुरी घेऊन तो घरी गेला आणि तो नियम कायमचा बुडाला.

निंबगव्हाणात आजही कुणाचा पाय मोडला की दवाखान्यातून आणल्यावर त्याची खाट कोपऱ्यात टाकत नाहीत, ओसरीवर टाकतात. आळी जमते, भजी तळली जातात, पत्त्यांचा डाव रंगतो. पायाकडे कुणी बघायचं नाही, बरं वाटतंय का विचारायचं नाही. याला भिवराची बैठक म्हणतात. मागच्या महिन्यात देवमन मास्तरांचं प्लास्टर निघालं, तरी गडी आठवडाभर खाटेवरून हलेना.

"पाय बराय," ते म्हणाले, "पण डाव अर्धा राहिलाय."