सतरंजी फिरवा!

"वाकडी आसंल त्या धुळाप्पा गवंड्याची नजर! आमची सतरंजी न्हाई वाकडी!"

धुळाप्पा तिथं नव्हताच. त्यो राजाच्या दरबारात पान चघळत बसला व्हता. पन गोजरा बापाच्या विनायच्या मागापुढं हुबी राहून त्यालाच झाडत व्हती. का न्हाई झाडनार? तिच्या बापानं, तातोबा कोष्ट्यानं, राजाच्या नव्या दरबारासाठी सतरंजी विनली. दरबार बांधला धुळाप्पानं, माप बी त्यानंच दिलं, राजाच्या गादीपाशी घेतलेलं. सतरंजी अंथरली. गादीपाशी भिंतीपासनं भिंतीपर्यंत चपखल! आन् दारापाशी दोन्ही अंगांना मानूस बसंल एवढी फरशी उघडी! धुळाप्पा म्हनाला, "सतरंजीच वाकडी!"

राजा हट्टी. म्हनाला, "माझा दरबार वाकडा आसूच शकत न्हाई! दिवस मावळायच्या आत फरशी झाकली पायजे. सतरंजीला जोड द्यायचा न्हाई, दुसरं कापड टाकायचं न्हाई, भिंतीला हात लावायचा न्हाई. न्हाईतर तातोबाचा माग चुलीत!"

तातोबा डोक्याला हात लावून बसला. गोजरानं पदर खोचला आन् तडक दरबार गाठला.

"म्हाराज, सतरंजी फिरवा!"

"फिरवून काय हुनार?"

"गादीकडचं टोक दाराकडं न्या, दाराकडचं गादीकडं. सतरंजी निमुळती आसंल, तर फट बी तिच्यासंगं गादीपाशी जाईल. न्हाई गेली, तर मग बोला!"

शिपायांनी फिरवली. गादीपाशी चपखल. फट दारापाशी, व्हती तिथंच!

धुळाप्पा उसळला. "म्हाराज, मी दोऱ्या धरून बघितल्यात! या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, दोन्ही तिरप्या दोऱ्या सारख्या भरल्या!"

"सुपात धर की दोऱ्या!" गोजरा म्हनाली. "सूप मागं अरुंद, पुढं रुंद. तिरप्या दोऱ्या तिथं बी सारख्याच भरत्यात. म्हनून सूप काय सतरंजीवानी झालं? दरबार सांगितला व्हता बाबा तुला, तू सूप बांधलंस!"

राजानं एका भिंतीकडं बघितलं, मग दुसऱ्या भिंतीकडं.

"सूप तर सूप. पन हुकूम त्यो हुकूम! फरशी अजून उघडीच हाय."

"झाकते की. एका अंगाला धुळाप्पाला बसवा."

"आन् दुसऱ्या अंगाला?"

"ज्यानं त्याचं खरं मानलं, त्याला."

राजा एकदम असा हसला की पागोटं घसरून कानावर आलं! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं गोजराला दिलं, तातोबाला दरबारचा कोष्टी केलं, आन् सोता जाऊन उघड्या फरशीवर मांडी ठोकली.

"धुळाप्पा, हुबा काय? बस त्या अंगाला!"