दार नसलेला गोठा

त्या वर्षी चैत्रात येरझारे महाराजांचा मुक्काम टेंभुरवाडीत होता. महाराज कधी बसत नसत. जेवायचे ते चालता चालता, आशीर्वादही चालता चालताच द्यायचे. त्यामुळे पाय धरायचे तर भक्तांना मागून पळावं लागे. काही भक्त त्यातच बारीक झाले, आणि तीही महाराजांचीच कृपा मानली जाई.

गावात हरणाबाई नावाची एकटी बाई होती. तिच्याजवळ मोरी नावाची म्हैस. मागल्या साली मोरीचं पारडू परसात उघड्यावर जन्मलं आणि त्याच दिवशी गारपिटीत गेलं. यंदा मोरी पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि हरणाबाईच्या डोळ्याला डोळा लागेना. महाराजांचं नाव घेऊन तिने परसात गोठा बांधायला काढला. मेढी पुरल्या, वर वासे टाकले, गवताने शाकारलं. राहिले कूड आणि दार.

शेजारी दामोदरपंत राहत. गावात दुमजली घर त्यांचंच, म्हणून बांधकामातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज. रोज संध्याकाळी ते परसाच्या कडेला उभे राहून काठीने दिशा दाखवत. दक्षिणेला दार ठेवलं तर यम येईल. उत्तरेला मारुतीचं देऊळ, म्हैस देवाकडे पाठ करेल. पूर्वेचं ऊन पारडाच्या डोळ्यांत जाईल. आणि पश्चिमेला खुद्द पंतांची ओसरी, तिथे शेणाचा वास नको. मोठ्यांचा शब्द मोडायची हरणाबाईला सवय नव्हती. पंत नको म्हणत ती बाजू ती तुराट्यांनी विणून शेणमातीने लिंपून टाकी. चौथी बाजू लिंपून हात धुताना तिच्या लक्षात आलं की गोठ्याला दारच नाही.

पंतांनी ही बातमी पाणवठ्यापासून पारापर्यंत स्वतः पोचवली. "हरणाबाईनं म्हशीला समाधी बांधलीय. फक्त म्हैस बसवायची राहिली."

हरणाबाई रडत महाराजांच्या मागे धावली. महाराज देवळाला फेऱ्या घालत होते. एक बाजू पाडू का, असं तिने विचारलं.

"लिंपण ओलं आहे, हात लावू नकोस," महाराज म्हणाले.

"पण मोरी आत जायची कशी?"

"ते मोरी बघेल. तू तिच्यासाठी आंबोण शिजायला ठेव." आणि महाराज पुढच्या फेरीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीला वेणा सुरू झाल्या. बाभळीखाली ती उठे, बसे, पुन्हा उठे. हरणाबाई चुलीवर आंबोण ठेवते न ठेवते तोच आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. ती बाहेर धावली, तर बाभळीला तुटलेलं दावं, म्हशीचा पत्ता नाही. तिकडे पंतांची कौलं फुटली आणि ते डोक्यावर घंगाळ घेऊन परसात पळत आले. गोठ्याभोवती महाराजांच्या येरझाऱ्या चालू होत्या. गारा त्यांच्या पुढे पडत, मागे पडत. अंगावर एकही नाही. हरणाबाई मोरीला हाका मारत वेड्यासारखी हिंडत होती.

तेवढ्यात गोठ्याच्या आतून मोरी हंबरली. पाठोपाठ एक बारीक आवाज आला, पारडाचा.

गारा थांबल्या, गाव जमलं. पंतांनी घंगाळ न उतरवताच तपासणी केली. लिंपण ओलं, त्यावर हरणाबाईच्या बोटांच्या रेघा जशाच्या तशा. छपराची काडी हललेली नाही. फटीतून पाहावं तर फट नाही. बाईने काम चोख केलं होतं.

"म्हैस आत आहे," पंत म्हणाले, "आणि ती आत जाऊ शकत नाही." हे वाक्य त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदाही ते तसंच निघालं.

तेव्हा महाराज थांबले. गावाने त्यांना थांबलेलं प्रथमच पाहिलं. मागून धावणारे भक्त एकमेकांवर आदळले.

"पंत," महाराज म्हणाले, "बाईला आंबोण आत न्यायचं आहे. दार कुठे पाडायचं, सांगा."

पंत दक्षिणेकडे वळले, मग उत्तरेकडे, मग पूर्वेकडे. काठी वर उठेना. शेवटी ते आपल्या ओसरीसमोरच्या कुडापाशी आले, गुडघ्यांवर बसले आणि हातांनी कूड फोडू लागले. भोक जेमतेमच झालं. घंगाळ आड येऊ लागलं तेव्हा ते उतरवून, तुळतुळीत डोकं पुढे करून ते आत शिरले.

आत मोरी पारडाला चाटत होती, आणि तिच्या शेजारी महाराज उभे होते. महाराज बाहेरही उभे होते, असं बाहेरचे शपथेवर सांगतात.

"चुकलो," एवढंच म्हणून पंतांनी आतल्या महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. पारडू पुरतं कोरडं झालं होतं. मोरीने मान वळवली आणि ती पंतांचं डोकं चाटू लागली. म्हशीची जीभ भलती खरखरीत असते. हरणाबाई आंबोण घेऊन आत आली तरी पंतांनी डोकं वर उचललं नव्हतं.