म्हैस बसेपर्यंत

“पण वस्ताद, ती ‘आई’ म्हणून ओरडली, त्याचं काय?”

हा प्रश्न प्रणालीनं महिनाभर उशाशी घेऊन झोपायचा प्रयत्न केला होता. प्रश्नाला झोप लागायची, तिला नाही.

हिंदुराव वस्तादांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. माळाच्या कडेला, बाभळीखाली त्यांची बाज टाकलेली होती. हा माणूस एकेकाळी तालमीत कुस्ती शिकवायचा. पुढं ट्रॅक्टरनं वजन ओढायच्या शर्यतीत उतरला आणि आसपासच्या तालुक्यांत कुणाला डोकं वर काढू दिलं नाही. आता गुडघे गेले होते. स्वतःबद्दलचं मत मात्र जागेवर होतं.

“ओरडली,” ते म्हणाले. “मग?”

“मग मी पाय उचलला.”

“ते मला ठाऊक हाय. साऱ्या माळाला ठाऊक हाय.”

खरंच ठाऊक होतं.

शर्यतीतल्या वजनगाडीला या भागात म्हैस म्हणतात. लांबलचक लोखंडी सांगाडा, मागं चाकं, पुढं घसरायला जाड पत्रा आणि वर रुळांवर वजनाची पेटी. ट्रॅक्टर ओढू लागला की पेटी मागून पुढं सरकत येते. जितकं पुढं जावं तितका भार पुढच्या पत्र्यावर येतो, पत्रा मातीत रुतत जातो आणि शेवटी म्हैस बसते. बसली की बसली. ज्याची म्हैस सगळ्यात लांब जाऊन बसेल, तो जिंकला.

महिन्यापूर्वी, सरावाच्या दिवशी, प्रणालीची म्हैस बसलीच नव्हती. पन्नास मीटरच्या आसपास ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली. स्टेअरिंग खेळण्यातल्यासारखं हातात फिरायला लागलं. आणि दोरीपलीकडून शर्वीचा आवाज आला, “आई...”

इंजिनाच्या त्या गोंगाटात पंचाची शिट्टी ऐकू येत नाही. आपल्या पोरीची हाक येते. प्रणालीचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर आला. चाकं धप्पकन खाली. ट्रॅक्टर उभा, म्हैसही उभीच. माळ हसला.

त्या दिवशी वस्ताद एवढंच म्हणाले होते, “शर्यतीत पाय उचललास, तर दुसरा वस्ताद बघ.”

दुसरा वस्ताद नव्हताच. निदान बाईमाणसाला शिकवणारा नव्हता.

आणि आज शर्यत होती.

“पोरगी घाबरते, वस्ताद. परत ओरडली, तर मी काय करू?”

वस्तादांनी तिच्याकडं पाहिलं. मग शर्वीकडं पाहिलं. शर्वी टरफलांची रांग लावत होती.

“आधी काट्यावर जा,” ते म्हणाले.

*

वजनकाटा बाजेपासून हाकेच्या अंतरावर होता. ऊस नसताना तो असल्या कामाला यायचा.

प्रणालीचा गट मधला. इंजिन पन्नास एचपीच्या आतलं आणि कंपनीतून आलं तसंच, काही फेरफार नाही. मागचं हुक जमिनीपासून दीड फुटाच्या आत. ट्रॅक्टर मागं उलटू नये म्हणून दोन लोखंडी टेकू लावलेलेच पाहिजेत. आणि ट्रॅक्टर, डिझेल, ड्रायव्हर, सगळं मिळून सव्वीसशे किलोच्या आत. त्याच्या वर गेलं की वरचा गट. वरच्या गटात असले ट्रॅक्टर होते की त्यांच्या मागच्या चाकाच्या सावलीत शर्वीला दुपारभर झोपवता आलं असतं.

ती ट्रॅक्टर काट्यावर घेऊन बसली. चौगुले पंचांनी आकडा बघितला. परत बघितला.

“सव्वीसशे एकाहत्तर. वहिनी, थोरांच्यात चाललाय की.”

“कसं शक्य आहे? मागच्या आठवड्यात सव्वीसशेच्या आत होतं.”

“मग आठवडाभर जेवलाय काय?”

काट्याभोवतीचे लोक हसले. प्रणालीही हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

“अर्ध्या तासात उतरवा,” चौगुले म्हणाले, “न्हाईतर नाव वर टाकतो.”

ती मनातल्या मनात हिशेब करू लागली. बी.एस्सी. ॲग्री होती ती. मागच्या चाकांत ग्रिपसाठी पाणी भरलेलं होतं, ते थोडं काढावं? मग चाक घसरणार. कुठलं वजन कुठं लागू होतं, याची आकृती तिला वहीभर काढता आली असती. एकाहत्तर किलो आले कुठून, तेवढं सुचत नव्हतं.

वस्ताद काठी टेकत आले. काठीचं टोक सीटमागच्या पेटीवर ठेवलं.

प्रणालीचा चेहरा पडला.

“उघड.”

तिनं पेटी उघडली.

“हे काय?”

“जादा बॅटरी.”

“शंभर मीटरला?”

“ऐनवेळी बसली तर?”

“आणि हे?”

“जॅक. पंक्चर झालं तर.”

“अन् ही पिशवी?”

पिशवीत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. तापाचं औषध, बिस्किटं, शर्वीचा जादा फ्रॉक, छत्री, स्वेटर. माळावर चैत्राचं ऊन रणरणत होतं. सगळ्यात खाली टॉर्च.

वस्तादांनी टॉर्च पेटवला. उन्हात बघितला. बंद केला.

“उशीर झाला तर,” प्रणाली पुटपुटली.

“बाई, सकाळचे दहा वाजल्यात.”

शर्वी आळीपाळीनं दोघांकडं पाहत होती.

“आई, आपण गावाला चाललोय का?”

आता चौगुले पंचही हसले. डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर टाकी काठोकाठ भरलेली. त्याचं कारण कुणी विचारलं नाही. दोन कॅन भरून डिझेल काढलं. पेटी रिकामी झाली, पिशवी बाजेवर गेली. ट्रॅक्टर परत काट्यावर आला.

“सव्वीसशे अठरा.”

वस्तादांनी ट्रॅक्टरला एक फेरी मारली. पुढं येऊन थांबले. रेडिएटरच्या खाली वजनं अडकवायची पट्टी असते. नाक जड राहावं, पुढची चाकं जमिनीला धरून राहावीत, म्हणून तिथं लोखंडी वजनं लावतात. किती लावायची ते वस्तादांनी स्वतः ठरवून दिलं होतं.

तिथं दोन जास्त होती.

“ही कुणी लावली?”

“मी.” तिनं खाली बघून सांगितलं. “सकाळी. तुम्ही चहा घेत होता तेव्हा.”

वस्तादांनी मान हलवली. रागावले नाहीत. ते रागावले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

तिनं पाना आणला. एक वजन काढलं. ट्रॅक्टर काट्यावर चढवला.

“बसलं,” चौगुले म्हणाले. “पंचवीसशे शहाण्णव. चार किलो अजून शिल्लक. बिस्किटं ठेवा पाहिजे तर.”

झालं होतं. गट वाचला होता. एक जादा वजन नाकावर राहिलं होतं, आणि नियमात होतं. प्रणालीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चोरून वस्तादांकडं पाहिलं.

वस्ताद काट्याच्या कट्ट्यावर बसले होते. दुसऱ्या वजनाकडं त्यांनी बघितलंही नाही.

“वस्ताद... एक राहू दे ना?”

वस्तादांनी काठी बाजूला ठेवली.

“नियमात आहे.”

“हाय की.”

“मग राहू दे?”

वस्तादांनी दोन्ही हात पुढं केले. तिच्याकडं नाही, शर्वीकडं.

“शर्वे, मला उठव बघू.”

शर्वीनं टरफलं टाकली. फ्रॉकला हात पुसले, वस्तादांची दोन-दोन बोटं मुठीत धरली आणि ओढायला लागली. वस्ताद जागचे हलले नाहीत. शर्वीनं दात आवळले. मागं रेलली. आणखी रेलली. वेण्या जमिनीकडं लोंबायला लागल्या.

“अगं, पडशील.” प्रणाली पुढं झाली.

वस्तादांनी हनुवटीनं खाली खूण केली.

प्रणालीनं पाहिलं.

शर्वीच्या टाचा मातीत रुतल्या होत्या. चपलांची टोकं हवेत होती.

...

“उठत नाय,” शर्वी धापा टाकत म्हणाली.

“मग सोड,” वस्ताद म्हणाले.

“नाय.”

प्रणालीनं त्या चपलांवरून नजर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर नेली. मग पाना उचलून ट्रॅक्टरच्या पुढं गेली.

“वहिनी, बसलंय ओ वजन,” चौगुले ओरडून म्हणाले. “कशाला काढताय?”

कशाला, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. दुसरं वजन सुटलं आणि धप्पकन मातीत पडलं.

*

तिचा नंबर आला.

मागं म्हशीची साखळी अडकवली गेली. झटका दिला तर फाऊल, म्हणून तिनं क्लच इंचाइंचानं सोडला. साखळी खणखणली, ताणली, गप्प झाली. हिरवा झेंडा पडला.

पहिले तीस मीटर म्हैस शहाण्यासारखी आली. प्रणालीला वाटलं, हे जमतंय. असं वाटलं की पुढं काहीतरी बिघडतं, असा तिचा अनुभव होता.

पन्नासजवळ पेटी निम्म्यावर आली. इंजिनाचा आवाज खाली उतरला. मागची चाकं माती चावायला लागली.

आणि नाक उचललं.

आधी बोटभर. मग वीत. मग वीतभराहून जास्त. समोरची वाट बॉनेटखाली गेली, नुसतं आभाळ दिसायला लागलं. स्टेअरिंग हातात सैल फिरलं. इतकं घट्ट धरलेलं आणि कशालाच न जोडलेलं.

दोरीपलीकडून आवाज आला.

“आई...”

तिच्या पायात कळ आली. अंगठा चपलेत वर झाला.

तिनं तो तसाच वर राहू दिला. तळवा खाली दाबला.

स्टेअरिंग तिनं सोडून दिलं. नाक उजवीकडं चाललं होतं. तिनं मागच्या डाव्या चाकाच्या वेगळ्या ब्रेकवर डावा पाय हलका दिला, तशी ती बाजू धरली आणि ट्रॅक्टर वाटेवर आला. मागचे टेकू एकदा जमिनीला घासले आणि तिथंच टेकून राहिले. धुराचा काळा लोट आभाळात गेला.

ट्रॅक्टर चालला. चालता चालता रांगायला लागला. रांगता रांगता थरथरला.

म्हैस बसली.

पुढची चाकं खाली आली, पण आपटली नाहीत. म्हातारं माणूस कट्ट्यावर बसतं तशी, सावकाश. लाल झेंडा पडला. तिनं इंजिन बंद केलं. एवढा वेळ माळावर इतके लोक होते, हे तिला तेव्हा कळलं.

चौगुले टेप धरून धावत आले.

“ब्याऐंशी मीटर, वहिनी. सध्या दुसऱ्या नंबरवर.”

ती खाली उतरली.

वस्ताद दोरीपाशी उभे होते. शर्वी त्यांच्या काठीला लोंबकळत होती. रडत नव्हती. घाबरलेलीही दिसत नव्हती. नाकाला धूळ लागली होती, एवढंच.

“दुसरा,” वस्ताद म्हणाले. “मी असतो, तर पहिला आला असता.”

“पाय नाही उचलला, वस्ताद.”

“बघितलं.”

“ती परत ओरडली, तरी.”

“ओरडली.”

“मागच्या वेळीही तुम्ही तिच्या शेजारीच उभे होता ना?”

“तिथंच.”

काहीतरी प्रणालीच्या उशिरा लक्षात येत होतं. तसं तिच्या बऱ्याच गोष्टी उशिराच लक्षात यायच्या.

“म्हणजे ‘आई’च्या पुढं ती काही बोलली असेल, तर तुम्ही ऐकलं असेल.”

“ऐकलं की.”

“महिनाभर मला झोप नाही, वस्ताद. एका शब्दानं सांगायचं नाही का?”

वस्तादांनी खिशातून शेंग काढली. फोडली. एक दाणा शर्वीला दिला, एक स्वतः खाल्ला.

“आई तू,” ते म्हणाले, “अन् विचारतीस मला?”

प्रणाली मातीतच उकिडवी बसली. शर्वीच्या नाकावरची धूळ पदरानं पुसायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

“शर्वी, मागच्या वेळी चाकं वर गेली, तेव्हा तू ‘आई’ म्हणून ओरडलीस. पुढं काय म्हणालीस?”

शर्वीनं दाणा चावून संपवला. एवढ्या मोठ्या बाईला एवढं साधं कळू नये, याचं तिला नवल वाटलेलं दिसत होतं.

“आई... अजून वर.”