मला सगळं दिसतंय

"साखर रक्तात, आणि ही बया हात घालायला निघालीय डोळ्यात! मला सांगा माताजी, ह्याचा त्याचा काय संबंध?"

बाळगोंडा चौगुले तावातावाने बस्तीच्या ओसरीवर चढला. बस्ती म्हणजे कृष्णाकाठच्या त्या गावातलं जैन मंदिर. तिथे मुक्कामाला असलेल्या आर्यिका माताजींना, म्हणजे जैन साध्वींना, आधी 'वंदामि' म्हणायचं असतं, हेही तो रागात विसरला होता. लक्षात आलं तसं त्याने गुडघे टेकले, वंदामि म्हटलं, आणि उठला तो पुन्हा तितक्याच तावात.

माताजींचं वय सत्तरीच्या पुढचं. अंगावर पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. दिवसातून एकदाच जेवायचं आणि पाणीही त्याच वेळी प्यायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यात काल चतुर्दशीचा उपास झाला होता. आज थोड्या वेळाने त्या आहाराला निघायच्या होत्या.

"कोण हात घालतंय डोळ्यात?"

"ती डॉक्टरीण. शिबिरातली."

मधुमेहाचं ते शिबिर बस्तीसमोरच्या हॉलमध्ये भरलं होतं. भरवलं होतं बाळगोंडानेच. बस्तीच्या कमिटीचा अध्यक्ष ना तो! 'तपासून घ्या, अंगावर काढू नका,' असं तो आठवडाभर घरोघर सांगत फिरला होता. लोकांनी तपासून घ्यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. स्वतःची गोष्ट वेगळी.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काका, पंधरा वर्षांची साखर, वर ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल वाढलेलं, लघवीतनं प्रोटीन जातंय. डोळ्याचा आतला पडदा बघायलाच पायजे. मी म्हटलं, मला सगळं दिसतंय की! त्या भिंतीवरचं कॅलेंडर हितनं वाचून दाखवू? तर हसली, माताजी. चारचौघांत हसली!"

थांबायचं नावच नाही. "मी असं काय खाल्लंय? कांदा न्हाई, लसूण न्हाई. मध उभ्या जन्मात जिभेला लावला न्हाई. सूर्य मावळला की पाणीसुद्धा वर्ज्य. आणि तो पानपट्टीवाला तंबाखूचा तोबरा भरून बसतोय, मध्यरात्रीपर्यंत चरतोय, तो ठणठणीत! हा कुठला न्याय?"

राग खोटा नव्हता. एवढं सगळं पाळूनही दुखणं आपल्याच वाट्याला यावं, याची त्याला मनापासून चीड होती. आणि कुणाला का येऊ नये?

माताजींनी विचारलं, "ब्लड प्रेशरची गोळी कधी घ्यायला सांगितलीय?"

"रात्री. झोपताना."

"आणि सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा वर्ज्य."

"व्हय..." बाळगोंडाचा आवाज जरा उतरला.

"मग गोळी?"

बाळगोंडा सदऱ्याची बाही सारखी करू लागला.

"डॉक्टरांना सांगितलंस? वेळ बदलून दिली असती त्यांनी."

"त्यांना काय कळतंय आपल्यातलं!"

"म्हणजे घेतच नाहीस."

बाळगोंडाने मान वळवली. ओसरीचा खांब त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला.

"साखर मात्र आटोक्यात हाय," तो एकदम म्हणाला. "गेल्या खेपेचा आकडा एकदम झकास."

"कधी तपासतोस?"

"अष्टमी झाली की."

"उपासाच्या दुसऱ्या दिवशी?"

"...व्हय."

"आणि एरवी?"

एरवी जेवणानंतर गुळाचा खडा लागायचा, आणि सणाला पुरणपोळीवर पुरणपोळी. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, डॉक्टर सोडून.

"व्रतं माझ्यापुढे मिरवू नकोस," माताजी म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी बाळगोंडाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "व्रत करणारी माणसं मी खूप पाहिली. व्रताच्या आड लपणारा पाहिला की माझं डोकं फिरतं."

असं कुणी त्याच्याशी बोलत नसे. गावात नाही, घरात तर नाहीच.

"पण मला दिसतंय ना, माताजी!" तो जवळजवळ ओरडलाच. "ज्वारीच्या पिठातला केस मी काढतो. तुमच्या आहाराचं शोधन सुनेवरसुद्धा सोपवत न्हाई, स्वतः करतो!"

त्यात मात्र तिळमात्र खोटं नव्हतं. आहारात केस किंवा किडा निघाला तर ओंजळीत जेवणारे साधू त्याच क्षणी ओंजळ सोडतात, त्या दिवसाचा आहार तिथेच संपतो. म्हणून घास न् घास आधी नजरेखालून घालायचा, ते शोधन. बाळगोंडाच्या हातून आजवर कधी चूक झाली नव्हती, आणि हे तो कुणाला विसरू देत नव्हता.

माताजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"आज पाणी गाळलंस?"

"गाळलं की. दुहेरी कापडातनं."

"गढूळ होतं?"

"छे! काचेसारखं. आमच्या विहिरीचं पाणी हाय ते."

"जीव दिसले त्यात?"

"एकसुद्धा न्हाई."

"मग कशाला गाळलंस?"

आता हद्द झाली. बस्तीच्या अध्यक्षाला हा प्रश्न!

"हे काय विचारणं झालं, माताजी? दिसत न्हाईत म्हणूनच तर गाळायचं! दिसायला लागल्यावर गाळण्यात काय अर्थ? तोवर पाणी..."

तो थांबला.

समोरच्या हॉलमधून कुणाचं तरी नाव पुकारल्याचा आवाज आला. आपल्याच तोंडून काय निघून गेलं ते बाळगोंडाला कळलं होतं, आणि आता तो राग काढणार तरी कुणावर?

तो खाली बसला.

"आमच्या आप्पांना साखर होती," तो म्हणाला. "डोळे गेले त्यांचे. मी हाताला धरून आणायचो हितं. देवापुढं उभं करायचो आणि सांगायचो, आप्पा, समोर मूर्ती हाय. ते हात जोडायचे... भलतीकडंच तोंड करून."

त्याने गाभाऱ्याकडे पाहिलं.

"बघितलं आणि काही निघालं तर, माताजी?"

"न बघता निघणार नाही, असं आहे का?"

बाळगोंडा भ्याला होता. सगळ्या रागाच्या तळाशी एवढंच होतं. पण भीती कबूल केली की ती लगेच पळवाट शोधते, तशी तिने ती शोधली.

"बरं, बघून घेतो," तो उठत म्हणाला. "पण आज न्हाई. पडदा बघायला ते थेंब घातले की चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं म्हणे. शिबिराच्या गडबडीत आज गावात माझ्या एकट्याच्याच घरी तुमच्या आहाराचा चौका लागलाय, दुसऱ्या कुणाकडं सैपाक न्हाई. काल तुमचा उपास. मी डोळे घेऊन तिकडं बसलो तर तुमच्या आहाराचं शोधन कोण करणार?"

"शिबिर कधीपर्यंत आहे?"

"आज दुपारपर्यंत."

"मग?"

"मग पुढल्या वर्षी! आधी धर्म, माताजी. माझे डोळे नंतर."

हे बोलताना त्याचा ऊर भरून आला. बोलणं त्याचं त्यालाच आवडलं.

माताजींनी पिच्छी उचलली. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून कपाळाजवळ नेली. डोळे मिटले. ओठ हलत राहिले.

बाळगोंडाने हे अनेकदा पाहिलेलं होतं. तरी काय चाललंय हे समजायला त्याला वेळ लागला.

"माताजी... हे काय करताय?"

पिच्छी खाली आली.

"आज उपास."

"आज? अवो, काल झालाय की उपास! परवापासनं पाण्याचा थेंब न्हाई पोटात. ऊन बगा भाईर कसलं पेटलंय!"

घेतलेला नियम मागे घेता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हे बरोबर न्हाई. तोंडावर सांगतो, ही जबरदस्ती झाली! घरात सगळं शिजवून ठेवलंय. पहाटेपासनं बायका राबल्यात. त्याचं काय करू?"

"शिबिराला लांबून माणसं आलीत. त्यांना वाढ."

"आणि तुम्ही?"

माताजींचे ओठ सुकून सालपटले होते. ओसरीच्या कडेवरूनसुद्धा बाळगोंडाला ते स्वच्छ दिसलं.

त्याचा राग गेला नाही, पण तो कुणावर धरायचा हे त्याला कळेना. आवाज फुटला तो रडवेला.

"माझ्यापायी तुम्ही उपाशी राहणार?"

"उपास माझा आहे. त्याला तुझं नाव लावू नकोस."

माताजींनी समोरच्या हॉलकडे बोट केलं.

"डोळे तुझे आहेत, बाळगोंडा. ते माझ्या नावावर घालवू नकोस."